बारावीतली बहीण स्वतःला इजा करून घेते. तिच्याशी कसं बोलू? आईला सांगू का?

रागावू नका आणि ‘परत करणार नाहीस ना?’ अशी शपथ तर मुळीच घालू नका. शपथ मोडली की ती तुमच्यापासूनही लपवेल. ‘नाटकं करते’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर तोंडात येतं. प्रत्यक्षात बहुतेक जण हे जिवापाड लपवतात. आतला कोंडमारा असह्य होतो तेव्हा हे घडतं. मग येते लाज, आणि आपल्या रागाने ती वाढतेच.

खुणा दाखवायला लावू नका, जुनं काही उकरू नका. ‘हल्ली खूप जड जातंय का?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. किती सांगायचं ते तिला ठरवू दे. मात्र ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. जखम असेल तर आधी मलमपट्टी, प्रश्न नंतर.

आईला सांगावं लागेल, पण बहिणीला आधी कल्पना देऊन, जमल्यास तिच्यासोबतच.

समुपदेशनात डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत) यासाठी चांगला उपयोग होतो. पहिल्याच भेटीत उपदेश सुरू करणारा समुपदेशक खुशाल बदला. आजच बोलायचं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन : १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. तिच्याआधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतं.