खुडूक कोंबडीला इंजेक्शन नको, जाळीचा पिंजरा हवा

प्रश्न : परसात दहा देशी कोंबड्या आहेत. दोन खुडूक बसल्या, म्हणजे अंडी उबवायला घरट्यात ठाण मांडून आहेत, अंडी बंद झाली. औषध दुकानदार म्हणतो, अंगात ताप आहे, इंजेक्शन द्या आणि कॅल्शियमचे टॉनिक दुप्पट करा. द्यावे का? एकीखाली अंडी बसवली तर चालेल का? योजनेतून पिल्ले मिळतात का?

उत्तर : इंजेक्शन देऊ नका. टॉनिकही बंद करा. खुडूक बसणे हा आजार नाही. घरट्यात अंडी साचली, ऊब मिळाली की कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि अंडी थांबतात. हाताला लागते ती पोटाची उघडी, गरम कातडी, ताप नव्हे. हात नेला की पिसे फुलवून चोच मारते ती खुडूक. मान टाकून मुकाट बसते, पातळ हिरवट विष्ठा टाकते ती आजारी. तिला वेगळी काढून पशुवैद्यकाला दाखवा.

अंडी न घालणाऱ्या पक्ष्याला जादा कॅल्शियम दिले की मूत्रपिंडावर ताण येतो. दुप्पट मात्रा तर कोणत्याच कोंबडीला नको. प्रतिजैविकाच्या इंजेक्शनानेही खुडूक उठत नाही, वर त्याचा अंश अंड्यात उतरतो. कोंबडी आपोआप उठते तेव्हा श्रेय मात्र बाटलीला जाते, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पुन्हा सांगतो, खुडूक कोंबडीसाठी दुकानातून काहीही आणू नका. पाण्यात बुडवणे, उपाशी ठेवणे, नाकात पीस खुपसणे हेही बंद करा. ती आधीच कमी खाऊन वाळलेली असते.

करायचे ते एवढेच. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून हातभर उंच ठेवा. आत भुसा नको, पेंढा नको, पोटाखालून वारा खेळला पाहिजे. जागा उजेडाची, पण उन्हाची नव्हे. दाणा-पाणी पोटभर द्या. तीन ते पाच दिवसांनी सोडून पाहा. पुन्हा घरट्याकडे धावली तर परत आत ठेवा. सगळे वेळेवर अवलंबून आहे. पहिल्या-दुसऱ्या रात्रीच घरट्यावरून उचलली तर लवकर उठते. आठवडाभर बसू दिलीत तर पिंजऱ्यातही जास्त दिवस लागतात. अंडी परत सुरू व्हायला त्यापुढे आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. त्या काळात घाई करून टॉनिक पाजू नका. रोज दोनदा अंडी उचलत राहिलात तर बाकीच्या कोंबड्या सहसा मागोमाग बसत नाहीत.

अंडी बसवायची तर कळपात कोंबडा हवा. सात दिवसांच्या आतली, न धुतलेली 10 ते 12 अंडी एकाच संध्याकाळी ठेवा. रोज एकेक वाढवू नका, पिल्ले मागेपुढे निघून उरलेली अंडी थंड पडतात. सातव्या-आठव्या दिवशी टॉर्चवर तपासून गर्भ न धरलेली काढा, 21 व्या दिवशी पिल्ले येतील. बसवण्याआधी उवा, गोचीड पाहा. पिकावरचे कीटकनाशक घरट्यात शिंपडायला सांगतात, ते मुळीच करू नका. जुना पेंढा जाळून नवा घाला. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लांना राणीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्या.

योजनेच्या अटी बदलत असतात, चालू अटी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सुधारित जातींची पिल्ले मिळाली तर त्यांच्यात खुडूक बसणे कमी असते, म्हणून अंडी उबवायला एखादी देशी कोंबडी हाताशी ठेवा.