पाय दुखतोय हे घरी कोणाला सांगू?

प्रिय ताई,

माझं वय ४३. डोंबिवलीत राहते, फोर्टला एका बँकेत नोकरीला आहे. तीन वर्षांपासून एका ग्रुपबरोबर धावते. गेल्या जानेवारीत मुंबईत अर्धी मॅरेथॉन झाली. यंदा पूर्णसाठी नाव घातलंय, पण घरी ‘यंदाही अर्धीच’ म्हणून सांगितलंय. रविवारी पंचवीस-सव्वीस किलोमीटर धावून घरी पोचायला उशीर झाला की ‘ग्रुपचा नाश्ता होता’ असं सांगते. मुलगा दहावीला आहे. नवरा म्हणतो, एक वर्ष थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? सासूबाईंचं म्हणणं, बाईच्या जातीनं एवढं धावू नये, पिशवी सरकते.

दिवाळीच्या आठवड्यात धावणं झालं नाही, ते पुढच्या दोन आठवड्यांत भरून काढलं. तेव्हापासून उजवी नडगी दुखतेय. आमचे कोच म्हणतात, दुखणं डोक्यात असतं. रविवारी निघताना एक गोळी घेते, म्हणजे निभतं. शर्यतीला सहा आठवडे उरलेत. घरी बोलायची सोय नाही, कारण लगेच ‘आम्ही सांगतच होतो’ सुरू होईल. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. ताई, धावू की थांबू? (पायाच्या अंगठ्याचं नखही काळं पडलंय. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे.)

– एक धावणारी, डोंबिवली

अगं,

वयानं मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून सरळ एकेरीवर येते.

सगळ्यात आधी ती गोळी बंद कर. येत्या रविवारपासूनच. तू नाव लिहिलं नाहीस, पण आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीची असेल असं धरून चालते, कारण घराघरांतल्या डब्यात तीच असते. तीन-साडेतीन तास घाम गाळताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आधीच आटलेलं असतं, आणि ही औषधं ते आणखी कमी करतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींनंतर माणसं यामुळेही दवाखान्यात भरती होतात. दुसरं असं की नडगी तुला काहीतरी सांगते आहे आणि तू दर रविवारी पहाटे साडेचारला तिचं तोंड दाबून घराबाहेर पडतेस.

धावू की थांबू, असं तू विचारलंस. पत्र दोनदा वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या प्रश्नात दोन भांडणं एकमेकांत अडकली आहेत. एक तुझ्या हाडाचं आणि दुसरं घरातलं. घरच्यांना धावणं मान्य नाही, म्हणून दुखणं कबूल करायची तुला चोरी झाली आहे. दुखतंय म्हटलं की ते जिंकले. मग पायाचा निकाल डॉक्टरनं द्यायचा की नवऱ्यानं, हेच ठरत नाही, आणि तोवर तू धावत राहतेस. नवरा आणि सासूबाई उद्या सकाळी हार घेऊन दारात उभे राहिले, तरी नडगी तेवढीच दुखेल. आणि नडगी उद्या खडखडीत बरी झाली, तरी ‘ग्रुपचा नाश्ता’ हे खोटं तिथेच राहील. तेव्हा ही दोन प्रकरणं वेगळी कर.

आधी पाय. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली फिरवून बघ. वीतभर पट्ट्यात सगळीकडेच बोचरं, ठणकल्यासारखं लागतंय, धावायला सुरुवात करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी, असं असेल तर बहुतेक तो हाडालगतच्या आवरणाचा आणि स्नायूंचा दाह असतो. धावणारे त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण बोटाच्या एका पेराएवढ्या जागेवरच जीव जातो, चालतानाही दुखतं, रात्री अंथरुणावर दुखतं, आठवड्यागणिक वाढत चाललंय, असं असेल तर हाडाला बारीक तडा जायला लागला असण्याची शंका घ्यावी लागते. एका पायावर उड्या मारून तपासायची युक्ती तुला यूट्यूबवर सापडेल, ती करू नकोस. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा, खेळाडूंना तपासणारा मिळाला तर उत्तम. पहिल्या काही आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून आनंदात घरी येऊ नकोस, एमआरआयची गरज आहे का ते तिथेच विचार.

तडा निघाला तर जानेवारी गेला, हे तुला आत्ताच सांगते. सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, धावणं बंद. नाव घालताना भरलेले पैसे गेले तर जाऊ देत. तो तडा तसाच दामटलास तर हाड पुरतं मोडू शकतं, आणि मग फोर्टची लोकलही काही महिने सुटेल. नुसता दाह असेल तर थोडी आशा आहे: दोन-तीन आठवडे धावणं अगदी कमी, त्याऐवजी पोहणं किंवा सायकल, पोटऱ्यांचे व्यायाम, आणि मग डॉक्टर हो म्हणाले तर पुढचं. पण त्या वेळात शेवटची तीस-बत्तीस किलोमीटरची लांब धाव बसवायची आणि शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे उतरता सरावही ठेवायचा, हे गणित मला जुळताना दिसत नाही. मला विचारशील तर यंदा पूर्ण मॅरेथॉन सोडावी.

हे झालं कशामुळे, ते तुझ्याच पत्रात आहे. धावायला लागलं की श्वास आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात. हाडं मात्र आपल्या गतीनं, महिनोन्‌महिने घेऊन घट्ट होतात. दिवाळीत फराळ, पाहुणे, साफसफाई यांत आठ दिवस गेले, हे काही पाप नव्हतं. सुटलेले किलोमीटर सुटू द्यायचे असतात. ते राहिलेल्या हप्त्यासारखे व्याजासकट भरायला गेलीस आणि तेच नडगीवर आलं. बँकेतली सवय!

दुखणं डोक्यात असतं म्हणणाऱ्या तुझ्या कोचविषयी फार लिहीत नाही. आपल्याकडे दोन पदकं गळ्यात पडली की माणूस कोच होतो. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पाय जड होतात, थांबावंसं वाटतं, ते काही अंशी डोक्यात असतं हे खरं. हाडाच्या एका ठिकाणी दुखणं डोक्यात नसतं. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या वेळापत्रकावर आपलं शरीर सोपवू नये. ग्रुप सोडू नकोस. रविवारी पहाटे एकट्या बाईला रस्त्यावर सोबत लागते, ती ग्रुपमुळे मिळते, आणि तीन वर्षं तू त्यांच्याबरोबर धावते आहेस. पण कोणी स्ट्राव्हावर, म्हणजे धावण्याची नोंद ठेवायच्या त्या ॲपवर, किती किलोमीटर टाकले ते बघणं महिनाभर बंद ठेव.

आता गुरुवार. उपवास करायचा की नाही हे मी सांगणार नाही, तो तुझा आणि तुझ्या देव्हाऱ्याचा मामला. पण दिवसभर वरीचे तांदूळ आणि चहा, रात्री नैवेद्याचं पान, आणि शुक्रवारी पहाटे काही न खाता दहा किलोमीटर, असं चालू असेल तर हाड कशाच्या जोरावर भरून यायचं? शुक्रवारची धाव शनिवारवर ढकल. उपवासाच्या दिवशी दूध, दही, दाण्याची आमटी, खजूर, राजगिरा पोटात जाऊ दे. आणि रविवारी घरच्यांची झोप मोडेल म्हणून स्वयंपाकघरातला दिवा न लावता तशीच बाहेर पडतेस, हे तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखलं. दोन केळी किंवा गूळ-तूप लावलेली पोळी रात्रीच भरून ठेव. चाळिशीत पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही तपासून घे. धाप लागते म्हणून बायका सराव वाढवतात आणि कमी पडलेलं असतं लोह.

सासूबाईंच्या पिशवीकडे येते. त्यांना हसू नकोस. त्या जे म्हणतात ते एकेकाळी अमेरिकेतले शिकलेसवरलेले लोकही म्हणत होते. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तर त्या दमून पडतात असा गवगवा करून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अंगावर नंबर लावून धावत होती, तेव्हा एक संयोजक तिला शर्यतीतून ओढून काढायला मागे लागला. तिथे बायकांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. म्हणजे तुझा जन्म झाला त्याच्या आसपास. सासूबाईंना बॉस्टनचं कौतुक नसेल तर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबरचं सांग. दुष्काळी गावातली मुलगी, मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली.

पण यातली एक गोष्ट खरी आहे आणि ती बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणात ओटीपोटाचे तळचे स्नायू सैल पडलेले असतात. धावताना, शिंकताना लघवीचे थेंब येत असतील, खाली जड वाटत असेल, तर ते सहन करत पॅड लावून धावायचं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं, त्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जायचं. तसं काही नसेल तर सासूबाईंना सांग, ‘डॉक्टरीणबाईंना दाखवून आले, पिशवी जागेवर आहे.’ त्यांच्या पिढीला डॉक्टरीणबाईंचा शब्द पुरतो.

राहिला नवरा. त्याचं ‘एक वर्ष थांब’ मला पटत नाही. दहावीला मुलगा बसलाय, आई नाही. पहाटे सहाला तू घरात असलीस म्हणून त्याचं बीजगणित सुधारणार नाही, आणि जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेच्या दिवसांत त्याच्या डब्याचं आणि क्लासच्या वेळांचं बघायला बापालाही दोन हात आहेत. पण एका बाबतीत मी त्याच्या बाजूनं आहे: त्याला माहीतच नाही की तू बेचाळीस किलोमीटरसाठी नाव घातलंय. तो ज्याला नको म्हणतोय ते एक, आणि तू करतेस ते दुसरं. पहाटेच्या अंधारात तू कुठल्या रस्त्यावर, किती वेळ आहेस, हे घरात एका माणसाला तरी ठाऊक असायला हवं. तुला काही झालं तर तो नव्वद फुटी रस्त्यावर शोधेल आणि तू शीळ रस्त्यावर असशील.

तेव्हा डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री सांग. मुलगा क्लासला गेलेला असताना. साधं सांग: ‘मी पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलंय, तुला खोटं सांगितलं. पाय दुखतोय, उद्या डॉक्टरकडे चाललेय. डॉक्टर नाही म्हणाले तर यंदा धावणार नाही. हो म्हणाले तर पुढचं दोघं मिळून ठरवू. पण धावणं मी सोडणार नाही.’ मध्येच रडू आलं तर येऊ दे, पण शेवटचं वाक्य गिळू नकोस. ‘आम्ही सांगतच होतो’ येईलच. येऊ दे. ते ऐकायला फार तर दहा मिनिटं लागतात. ते टाळण्यासाठी तू महिनाभर नडगी झिजवली आहेस.

तो रागावेल. बेचाळीस किलोमीटरपेक्षा खोट्याचा राग जास्त असेल, आणि तो त्याचा हक्क आहे. तिथे धावण्याचे फायदे सांगायला बसू नकोस.

आणि तिसऱ्या रविवारी, जानेवारीत, तुझं नाव असूनही तू रेषेवर नसशील तर? वाईट वाटेल. ग्रुपवर पहाटे तीनपासून फोटो यायला लागतील, कल्याणहून सुटणाऱ्या खास लोकलमधले, सीएसएमटीच्या दिव्यांखालचे. घरात बसून ते बघू नकोस. पाय चालण्याएवढा बरा असेल तर पेडर रोडवर जाऊन उभी राहा. परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर उलटून गेल्यावर, ऊन चढलेलं असताना तो चढ येतो. शरीरातली साठवलेली साखर तोवर संपत आलेली असते. तिथे बहुतेकजण चालतात, काही रडतात. रस्त्याकडेला लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं घेऊन उभे असतात. एक पिशवी तूही ने. उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी ने, त्या सगळ्यांत आधी संपतात. शक्य असेल तर मुलाला दोन तास बरोबर घेऊन जा, त्याच्या अभ्यासाला काही होत नाही. आपली आई कशाच्या मागे लागली आहे, ते त्याला तिथे दिसेल. पुढच्या वर्षी तो चढ तुला धावत चढायचा आहे, तर तो आधी पायी बघून ठेवलेला बरा.

तुझी,
ताई

ता. क. – नखाचं. बूट बोटांना पुढून लागतायत. पुढच्या वेळी अर्धा नंबर मोठा घे, आणि संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना दुकानात जा. काळं नख ओढून काढू नकोस, आपोआप सुटेल आणि खालून नवं येईल, अंगठ्याला वर्षभर लागू शकतं. फार ठणकत असेल किंवा पू दिसला तर दाखव. लग्नात गडद मरून नेलपॉलिश लाव, आणि दहाही बोटांना लाव. एकाच नखाला लावलंस तर नणंद विचारल्याशिवाय राहणार नाही.