सरकारी खर्चाच्या आढाव्यात डिसिजन अॅनालिसिस वापरून खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण आढाव्यात विचारायचा प्रश्नच बदलला तर. मी सोलापुरात एका सरकारी ऑफिसात अकाउंट सेक्शनला बरीच वर्षं काढली. तिथं आढावा म्हणजे काय, तर फेब्रुवारीत तक्ता भरायचा, हेडवाईज, म्हणजे खर्चाच्या खात्यानुसार, तरतूद किती, खर्च किती, टक्के किती, आणि ज्याचे टक्के कमी त्याला साहेब झापणार, मग मार्चएंडला बिलांचा हा ढीग. 'याच पैशात दुसरं काय झालं असतं' असा रकानाच नव्हता ओ त्यात.

डिसिजन अॅनालिसिस हे नाव रोनाल्ड हॉवर्ड या प्राध्यापकानं 1960 च्या दशकात दिलं. नाव जड आहे, काम आकडेमोडीचंच: कुठल्या पर्यायात किती पैसे वाया जायची शक्यता आहे ते मोजायचं आणि मग निर्णय घ्यायचा.

आता बघा, आपल्याकडं पाण्याचं रडगाणं काय नवीन नाही. समजा एका पेठेत नळाला प्रेशरच नाही. प्रस्ताव आलाय 80 लाखाच्या नव्या पंपाचा. पण कुणीतरी म्हणतंय लाइनच गळतीय, 15 लाखात दुरुस्त होईल. लाइनवरच्या जुन्या माणसांना विचारलं तर गळतीची शक्यता 40 टक्के, नाहीतर मग पंपच. आता डोळे झाकून पंप घेतला तर पैसे पाण्यात जायचा हिशोब 80 चे 40 टक्के, 32 लाख. आधी लाइन खोदून दुरुस्त केली तर 15 चे 60 टक्के, 9 लाख, दोन्हीत कमी नुकसान हेच. म्हणजे खात्रीशीर गळती तपासणी 9 लाखाच्या आत होत असेल तर आधी ती करा, 3 लाखात झाली तर प्रश्नच मिटला.

आणि गंमत इथंच आहे, पंपाला तरतूद असती, तपासणीला हेडच नसतो! मग 3 लाख कुठून टाकायचे म्हणून 80 लाखाची फाइल पुढं सरकती.

शंकरराव चव्हाणांच्या काळात, 1986 ला, राज्यात झिरो बजेट आलं, प्रत्येक खर्च शून्यापासून पटवून द्या म्हणून. कल्पना एक नंबर. पण आमच्याकडं पुढं पुढं काय व्हायचं, मागच्या वर्षीचंच समर्थन कॉपी करून तारीख बदलायची, मीच केलंय की ते, खोटं कशाला बोलू.

तुम्ही आढावा घेणार असाल तर सगळी हेड धरत बसू नका, मोठे चार-पाच प्रस्ताव उचला आणि प्रत्येकाला विचारा, कुठली माहिती मिळाली तर हा निर्णय फिरेल? ती आणायला पैसे ठेवा. आणि 'अर्धं काम झालंय, आता कसं थांबवायचं' असं कुणी म्हटलं तर झालेला खर्च सोडून द्या, उरलेल्या पैशात काय पदरात पडतंय तेवढंच विचारा, साहेब नाराज होतील ते वेगळं.