प्रभागातले सगळे उमेदवार एका व्यासपीठावर आणायचे तर

प्रिय,
सप्रेम नमस्कार. उमेदवारांना मतदारांसमोर एकत्र बसवायचं तुमच्या गटाने ठरवलंय, हे वाचून फार बरं वाटलं. आता कामाचं लिहितो.

पहिली अडचण दिवसांची. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत चिन्हवाटप 3 तारखेला झालं, मतदान 15 ला, आणि जाहीर प्रचार 13 च्या संध्याकाळी थांबला. म्हणजे हातात जेमतेम दहा दिवस. त्यामुळे सभागृह, माइक आणि सूत्रसंचालक उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याआधीच पक्के करा. आमंत्रणं मात्र अंतिम यादी आल्यावरच द्यायची: सर्वांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र, आणि प्रत्येकाकडून सही-तारखेसह पोहोच. अपक्षांनाही तेच पत्र. 'मला बोलावलंच नाही' ही तक्रार हमखास येते, तेव्हा पोहोच दाखवता आली पाहिजे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे लेखी अर्ज करा. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत फलक छापू नका. देवळाचा सभामंडप फुकट मिळत असला तरी नको. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही.

पैशांचं फार सांभाळ. आदल्या रात्री कुणीतरी येतं, 'खुर्च्या भाऊंकडून, चहा-वडापावही भाऊंकडून' म्हणतं, आणि थकलेली पोरं हो म्हणून बसतात. तिथेच कार्यक्रम भाऊंचा होतो. दोनशे खुर्च्या जमत नसतील तर शंभर मांडा, बाकीचे सतरंजीवर बसतील. पण वर्गणी आपसातलीच हवी.

मांडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो बहुसदस्यीय प्रभागात. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक. पुण्यात 41 पैकी 40 प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि मतदाराला चार मतं द्यायची असतात. वीस उमेदवार एका रांगेत बसवले की कोण कोणाविरुद्ध उभं आहे तेच लोकांना कळत नाही. म्हणून जागेनुसार फेऱ्या कर. 'अ'चे उमेदवार बोलून उतरले की 'ब'चे. बोलण्याचा क्रम सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून. प्रत्येकी दोन मिनिटं ओळख आणि एकेका मिनिटाची तीन उत्तरं धरली तर वीसजणांची शंभर मिनिटं झाली. चढ-उतार धरून सव्वादोन तास. सातला सुरू केलंत तरच दहाच्या आत माइक बंद होईल. तीस सेकंद उरली की पिवळं कार्ड, वेळ संपली की घंटा. पहिल्या उमेदवाराला वीस सेकंद जास्त दिली, तर शेवटच्याला अडवायचा हक्क उरत नाही.

प्रश्न लेखीच घ्या. समज, चिठ्ठी आली: 'आमच्या गल्लीत पाणी साडेपाचला येतं, सहाला जातं, मागच्या नगरसेवकाने काय केलं?' अशीच वाचली तर बाण एकावरच जातो. ती अशी वाच: 'या गल्लीत पाणी अर्धाच तास येतं. निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही नेमकं काय कराल, आणि पैसे कुठल्या तरतुदीतून आणाल?' हाच प्रश्न त्या जागेच्या सर्वांना. चिठ्ठ्या निवडायला तिघं बसवा, तिघंही कुठल्याच पक्षाचे पदाधिकारी नकोत. मेट्रो, पोलीस, आरक्षण असले प्रश्न बाजूला ठेवा. नगरसेवकाच्या हातात पाणी, कचरा, गटारं, पदपथ, पालिकेच्या शाळा-दवाखाने असतात. तेवढ्यावर धरलंत तर पळवाट राहत नाही.

माइक उमेदवाराच्या हाती देऊच नका, तुमच्यातल्या एकाने धरायचा. प्रत्येकाबरोबर पाचच माणसं, उपरणी-झेंडे दाराबाहेर. प्रतिनिधी चालणार नाही, हे आमंत्रणातच लिहा. एखाद्या जागेचा एकच उमेदवार आला तर ती फेरी रद्द, हेही त्यातच. नाहीतर ती त्याची प्रचारसभा ठरते.

चित्रीकरण सलग ठेव. कापलेले तुकडे तासाभरात व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, म्हणून पूर्ण फेऱ्या त्याच रात्री टाका. कार्यक्रम प्रचार संपण्याच्या किमान तीन दिवस आधी घ्या, म्हणजे जे येऊ शकले नाहीत त्यांना बघायला वेळ मिळेल. दाराशी उमेदवारांच्या शपथपत्रांच्या प्रती टांगायला विसरू नकोस: मालमत्ता, शिक्षण, गुन्हे. सगळ्यांच्या, एकाच आकाराच्या कागदावर.

तुझा,
काका