कपडे वाळत घालायच्या तारेत वीज आली कुठून?

प्रश्न : काका, आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. पाऊस जरा उघडला म्हणून सासूबाई मागच्या पडवीत ओली साडी वाळत घालायला गेल्या आणि तारेला चिकटल्या. तोंडातून शब्द फुटेना. दिरांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तरी हात सुटेना. शेवटी त्यांनी वाळक्या वाशाने हात झटकून काढला. दहा मिनिटांनी त्या उठून बसल्या, चहा घेतला. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात आणि दवाखान्यात यायला तयार नाहीत. घरात सगळ्या एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच, नवीन आहेत. मग एकही पडली कशी नाही?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. सासूबाई चिपळूणला जाऊन ईसीजी काढून आल्या हे कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण हे घरोघरी घडतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

शॉक बसलेला माणूस उठला, बोलला, चहा प्याला, की आपण सुटलो असं धरून चालतो. वीज हातातून शिरून पायातून गेली तर वाटेत छाती येते. हृदयाचा ठेका बिघडला तर तो बाहेरून दिसत नाही. कातडीवर तिळाएवढा पांढरट डाग असतो आणि आतला स्नायू भाजलेला असतो. म्हणून हात चिकटला असेल, भोवळ आली असेल, छातीत धडधडत असेल, अंग ओलं असेल किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ईसीजी. लघवी काळ्या चहासारखी झाली तर तासभरही थांबू नका. भाजलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात.

हे मी अंगावर काढलेलं आहे. तिशीत होतो, एका आगरात विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर उघडला. फ्यूज काढलाय असं मला सांगितलं गेलं आणि मी स्वतः जाऊन बघितलं नाही. उजव्या हाताची बोटं आतल्या पट्टीभोवती मिटली. लोक म्हणतात वीज ओढून धरते. तसं नसतं. बोटं मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा दांडगे असतात. वीज सगळ्यांना एकदम आवळते आणि मूठ बंद होते. हात डोळ्यांसमोर दिसत होता, सोडायचा होता, पण तो माझं ऐकत नव्हता. सोबतच्या पोराने धावत जाऊन किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज, उपसला म्हणून आज हे लिहितोय. घरी बोललो नाही. रात्रभर छातीत पाखरू फडफडत होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ‘तीन दिवस काय करत होतास?’ एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : मेन पाडला तरी हात सुटेना. म्हणजे वीज घरातून आलेलीच नव्हती. ती मेनच्या अलीकडून, पोलवरून मीटरकडे येणाऱ्या सर्व्हिस वायरमधून आली. आपल्याकडे ही वायर माडापोफळींतून येते. झावळी पडून ती खाली लोंबते आणि पत्र्याच्या कडेवर टेकते. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने वरचं प्लॅस्टिक तडकलेलं असतंच. वारा सुटला की पत्र्याची धार ते करवतीसारखं कापते. पत्र्यातून वीज लोखंडी अँगलमध्ये आणि अँगलला बांधलेल्या कपड्यांच्या तारेत. कोरड्या दिवसांत कुणाला पत्ता लागत नाही. ओली साडी, ओलं खळं आणि हात तारेवर, की वाट पुरी होते.

मी येऊन बघितलं तेव्हा पन्हळीच्या कोपऱ्यावर वायर बोटभर सोललेली होती आणि पत्र्यावर काळा ओरखडा होता. असं काही दिसलं तर पत्र्याला, अँगलला कुणी हात लावायचा नाही. १९१२ वर फोन करायचा आणि लाइनमनने पोलवरून पुरवठा तोडेपर्यंत थांबायचं. नवी वायर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या आधाराने, चिनी मातीच्या अंड्यांवर (वीज अडवणाऱ्या इन्सुलेटरवर), पत्र्यापासून वर उचलून घ्यायची. आणि कपड्यांना नायलॉनची दोरी. लोखंडी तार आजच काढा, हे मी प्रत्येक घरात हात जोडून सांगतो.

दिरांनी वाळका वासा घेतला हे फार चांगलं केलं. हाताने ओढलं असतं तर दोघं गेले असते.

राहिली एमसीबी. तुमच्या घरात दोष मेनच्या अलीकडे होता, तिथे घरातलं कुठलंच उपकरण कामाचं नाही. पण दोष घरात असता तरी एमसीबी पडली नसती. ओल्या अंगाचा विरोध साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला १००० ने भागलं की ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर. माणूस मारायला तेवढे पुष्कळ झाले; १० मिलिअँपियरच्या आसपासच हात सुटेनासा होतो. आणि तुमची एमसीबी १६ अँपियरची, म्हणजे १६००० मिलिअँपियरची. तिला तुमचा शॉक म्हणजे छोट्या बल्बाएवढा भार. ती वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. फेजच्या तारेतून आत गेलेली वीज न्यूट्रलच्या तारेने तेवढीच परत आली का, हे ती सतत तोलत असते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात बंद. घेताना ३० मिलिअँपियर लिहिलेलीच घ्या, १०० किंवा ३०० ची घरात नको. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. नाही पडली तर बदलायची.

प्रश्न : मालवणजवळ आमचं पाच खोल्यांचं होमस्टे आहे, थ्री फेज कनेक्शन आहे. नळाला हात लावला की पाहुण्यांना झिणझिण्या येत होत्या. वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून दिला. झिणझिण्या थांबल्या. आता सगळं ठीक आहे ना?

उत्तर : दादा, ठीक नाही. हे वाचाल त्या दिवशी गिझर बंद ठेवा आणि ते तुकडे काढून घ्या. मी एवढ्या ठामपणे का सांगतोय ते समजून घ्या.

न्यूट्रल शाबूत आहे तोवर गिझरच्या अंगात वीज जाणवणार नाही. समुद्रावर तांब्याच्या जोडावर हिरवी पुटं चढतात, स्क्रू सैल होतो आणि एक दिवस न्यूट्रल सुटतो. त्या क्षणी फेज गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रलवर येतो, तुमच्या त्या तुकड्यातून गिझरच्या पत्र्यावर येतो आणि पाण्याखाली पाहुणा उभा असतो. आधी झिणझिण्या तरी सांगत होत्या, आता सांगणारं कुणी नाही. थ्री फेजमध्ये मेन न्यूट्रल तुटला तर आणखी एक होतं : ज्या फेजवर भार कमी, तिथला व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतो. टीव्ही, फ्रिज एका झटक्यात जातात.

खरं दुखणं अर्थिंगचं आहे. जांभ्यात खड्डा खणून प्लेट पुरली, की पावसाळ्यात ती चांगली चालते आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकी पाहुण्यांची गर्दी असताना, कातळ सुकतो आणि अर्थ नावापुरता उरतो. कोळसा-मिठाचे थर द्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडा आणि अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजून घ्या. जुलैतला आकडा माझ्या दृष्टीने बिनकामाचा. समजा १० ओहम आले. गिझरचा फेज अंगाला लागला तर अर्थमधून २३ अँपियर जातील. गिझरवरची १६ ची सी प्रकारची एमसीबी झटकन पडायला किमान ८० लागतात. तोवर गिझरच्या अंगात वीज राहते. म्हणून चांगला अर्थ असला तरी आरसीसीबी हवीच, आणि प्रत्येक खोलीला वेगळी, म्हणजे एका खोलीचा दोष पाचही खोल्यांना अंधारात ठेवणार नाही. तीन फेजवर खोल्या वाटून द्या. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) असल्याशिवाय चालवू नका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा कुणी प्लगमधून जनरेटर जोडून वीज उलटी लाइनवर सोडली असेल का, या धास्तीने आम्ही प्रत्येक ‘मेलेल्या’ तारेला आधी अर्थ करून मगच हात लावत होतो.

आणि काम परवानाधारक माणसाकडूनच. त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमची आरसीसीबी सारखी पडते. शेजारी म्हणतात काढून टाक. काढू का? – राजापूरहून

उत्तर : नको. ती खरं बोलतेय. सगळे प्लग उपटा, ती चढवा आणि एकेक लावत जा. जो लावल्यावर पडेल तो आजारी. काहीच लावलेलं नसताना पडली तर कौलांतून पाणी एखाद्या बोर्डात उतरतंय किंवा बाहेरचा दिवा भिजलाय.

प्रश्न : देवगडला आमच्या बागेशेजारी गड्याच्या झेल्याची (आंबे उतरवायच्या जाळीची) काठी वरच्या तारेला लागली. लोकांनी त्याला वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, वीज उतरते म्हणून. तो वाचला नाही. हे बरोबर होतं का?

उत्तर : फार वाईट वाटलं. अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे वाळूत उतरण्यासारखं काहीच नसतं. पुरल्याने छाती दबते आणि मोलाची मिनिटं जातात.

बागेवरची लाइन बहुतेक ११ हजार व्होल्टची असते. तिथे वाळकी काठी, रबरी चप्पल यांचा भरवसा नाही. तार पडली असेल किंवा माणूस तिला लागून असेल तर दहा-पंधरा पावलं लांब थांबा, कारण जमिनीतही वीज पसरते. तुम्ही जवळ असाल तर पावलं एकमेकांना चिकटवून, छोटं छोटं सरकत बाहेर या. आधी १९१२ ला फोन, लाइन बंद झाल्याचं त्यांच्याकडून ऐका, मगच पुढे. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, १०८ ची गाडी येईपर्यंत. एक थकला की दुसऱ्याने घ्यायचं. झाडावरून पडला असेल तर मान हलवू नका.

ॲल्युमिनियमच्या दांड्याचे झेले हलके म्हणून घेतले जातात. ज्या कलमांवरून लाइन जाते, तिथे ते नेऊ नका, आणि दवात भिजलेला बांबूही नको. त्या फांद्या वीज कंपनीला सांगून, लाइन बंद करवून, हंगामाआधी उतरवून घ्या. तारेखालचे शंभर-दोनशे आंबे तसेच राहू देत.