वडील तंबाखू सोडत नाहीत. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग घरच्या घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की कॅन्सरचे फोटो दाखवून झाले, नातीची शपथ घालून झाली, पुडी कचऱ्यात फेकूनही झाली, आणि बाबांचं उत्तर एकच: "माझे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते." मी तंबाखू सोडू पाहणाऱ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. हे आजोबा मला घरोघरी भेटतात.

तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा दोन्ही बाजू आधीपासून असतात. सोडावी असंही वाटतं आणि नकोही वाटतं. तुम्ही सोडण्याच्या बाजूने वकिली सुरू केलीत की त्यांच्या वाट्याला दुसरी बाजू उरते. ती ते मांडतात, आणि रोज स्वतःच्याच तोंडून ऐकून त्यांना ती आणखी पटत जाते. सोडण्याची कारणं त्यांच्या तोंडून यावीत, यासाठीच मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे वाद न घालता प्रश्न विचारून समोरच्यालाच बोलतं करण्याची, ही सगळी खटपट.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली ती दारूच्या व्यसनासाठी. तिकडच्या केंद्रांत तेव्हा "आधी कबूल कर की तू दारुडा आहेस" असं रुग्णाला धारेवर धरणं हाच उपचार समजला जाई. पुढे १९९३ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला: समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी रुग्णाची दारू वर्षभरानंतरही जास्त होती. फोटो दाखवण्याबद्दल माझं मत काय, ते यावरून कळलं असेलच.

आता घरात काय करता येईल? आधी तंबाखूतून त्यांना काय मिळतं ते विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. "सकाळी बार लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," असं बरेच जण सांगतात. त्यावर लगेच इसबगोल सुचवू नका.

मग कधीतरी, दोघेच असताना: "बाबा, तंबाखू सोडणं तुम्हाला शून्य ते दहामध्ये कितपत महत्त्वाचं वाटतं?" समजा म्हणाले, "चार." आपल्या ओठांवर लगेच येतं, "चारच?" तेवढं गिळा. कारण त्याचं उत्तर म्हणजे पुन्हा आजोबा. विचारा, "चार का? एक का नाही?" आता तंबाखूच्या विरुद्ध त्यांनाच बोलावं लागतं. कदाचित म्हणतील, "नात जवळ येत नाही, वास येतो म्हणते." त्यावर फक्त, "तिने तोंड फिरवलं की लागतं तुम्हाला." आणि गप्प बसा. ही शांतता अवघड जाते, आम्हालाही जाते. पण याच जागी "मग सोडा ना!" म्हणालात की ते परत तंबाखूच्या बाजूला गेलेच. माहिती द्यायची असेल तर आधी विचारा, "एक सांगू का?" आणि सांगून झाल्यावर, "तुम्हाला काय वाटतं?"

पण तुम्ही समुपदेशक नाही, हेही खरं. "नाही सोडायची," असं कोणी म्हणालं तर तो त्याचा निर्णय आहे हे मला मनापासून मान्य करता येतं. तुम्हाला ते जमणार नाही, आणि बाबांनाही ते ठाऊक आहे. शिवाय एरवी ओरडणारं लेकरू अचानक गोड आवाजात प्रश्न विचारायला लागलं, की बाप ओळखतोच: "कुठे वाचून आलास?" तेव्हा सरळ सांगून टाका की वाचून आलोय. पूर्ण पद्धतीचा हट्ट नको. टोमणे थांबवा आणि तो "एक का नाही" जमवा, इतकं घरच्यांना पुरे.

या बोलण्याने निर्णय होऊ शकतो, निकोटिनची तलफ जात नाही. अभ्यासांत दिसणारा फायदाही माफकच आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप बिघडते. निकोटिनच्या च्युइंगमबद्दल डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठीच्या हेल्पलाइनवर, समुपदेशक बोलतात, पण फोन बाबांनी स्वतः करायला हवा.

आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे शून्य ते दहा नाही, या आठवड्यात दंतवैद्याकडे घेऊन जा. तंबाखू चालू असली तरी.