फायर टीव्ही स्टिकवर यूट्यूबचा आवाज येतो, सिनेमाचा येत नाही. काय करावं?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून जोडणी अशी दिसते: स्टिक टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायरने साउंडबार. यूट्यूब, बातम्या, मालिका नीट ऐकू येतात. नेटफ्लिक्सवर किंवा प्राइमवर सिनेमा लावला की चित्र चालू आणि आवाज गायब. स्टिक फॅक्टरी रीसेट करून झाली, वायरही बदलून झाली. शिवाय जिथे आवाज येतो तिथे तो ओठांच्या मागे पडतो, ही दुसरी तक्रार. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी घेतो.

पहिल्या तक्रारीत बहुधा काहीच बिघडलेलं नाही. यूट्यूबचा आवाज बहुतेक वेळा दोन चॅनेलचा असतो. तो स्टिक स्वतः उलगडते आणि साध्या पीसीएम रूपात, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या रूपात, पुढे पाठवते. पीसीएम कुठल्याही साउंडबारला कळतं. सिनेमाचा आवाज मात्र डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या प्रकारात, 5.1 चॅनेलचा (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, असे सहा) येतो. तो उलगडायचं काम स्टिक पुढच्या यंत्रावर सोडते. पुढचं यंत्र काय काय उलगडू शकतं हे ती एचडीएमआयमधून टीव्हीला विचारते. टीव्हीच्या आत डॉल्बी डिजिटल प्लसचा डिकोडर असतो, त्यामुळे तो ‘चालेल’ म्हणतो. पण पुढे ऑप्टिकल आहे याची स्टिकला कल्पना नसते. ऑप्टिकलमधून दोन चॅनेलचं पीसीएम, साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) एवढंच जातं. डॉल्बी डिजिटल प्लस त्यात बसत नाही. अशा वेळी टीव्हीने ते साध्या डॉल्बीत किंवा पीसीएममध्ये बदलून द्यायला हवं. काही टीव्ही देतात, काही देत नाहीत, आणि काहींमध्ये ती सोय असून सेटिंग भलतीकडेच असतं. मग साउंडबार गप्प बसतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर याच कारणाने नुसती खरखर ऐकू येते.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. आधी टीव्हीच्या मेनूत आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर वळवा आणि तोच सिनेमा लावा. आवाज आला तर स्टिक, एचडीएमआय आणि अ‍ॅप तिन्ही निर्दोष. दोष टीव्ही ते साउंडबार या टप्प्यात आहे. टीव्हीवरही आवाज नसेल तर स्टिक दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटमध्ये लावून पाहा. मग स्टिकच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, त्यात ऑडिओ, त्यात सराउंड साउंड इथे जा. काही जुन्या स्टिकवर याच जागी ‘डॉल्बी डिजिटल आउटपुट’ असं नाव दिसतं. तिथे बहुधा ‘बेस्ट अव्हेलेबल’ निवडलेलं असेल, ते पीसीएम करा. सिनेमा नुसता पॉज करून पुन्हा चालू करू नका. त्यातून बाहेर पडा आणि नव्याने लावा, कारण आवाजाचा प्रकार सिनेमा सुरू होतानाच ठरतो. आता आवाज आला तर निदान पक्कं झालं.

तुमचा साउंडबार 2.0 किंवा 2.1 असेल, म्हणजे मागे ठेवायचे वेगळे स्पीकर नसतील, तर पीसीएमवरच राहा आणि विषय संपवा. दोन चॅनेलच्या बारला 5.1 पाठवूनही तो शेवटी त्याचे दोनच करणार. खोक्यावर डॉल्बीचं चिन्ह आहे म्हणून डॉल्बीच पाठवायला हवं, असं काही नाही.

5.1 चा बार असेल तर मात्र पीसीएमवर राहणं म्हणजे मागचे स्पीकर शोभेला ठेवणं. मग दोन ठिकाणी प्रयत्न करायचा. एक, स्टिकच्या त्याच यादीत ‘डॉल्बी डिजिटल’ निवडा, प्लस नसलेलं. दोन, टीव्हीच्या साउंड मेनूत ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा तत्सम नावाचं सेटिंग शोधा. तिथे ऑटो किंवा पासथ्रू असेल तर ते डॉल्बी डिजिटल करा. पासथ्रू म्हणजे ‘आलं तसं पुढे ढकल’, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुटलं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध करावी लागेल.

साउंडबारला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच बारकडे पाठवणारी सोय) असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ऑप्टिकल काढूनच टाकणं. एआरसीमधून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, अ‍ॅटमॉससकट. टीव्हीवर एआरसी लिहिलेलं सॉकेट एकच असतं. त्यात साउंडबार लावायचा आणि स्टिक दुसऱ्या कुठल्याही एचडीएमआयमध्ये. अनेक घरांत हे उलटं असतं: स्टिक एआरसीमध्ये आणि बार भलतीकडे. मग ‘एआरसी चालत नाही’ म्हणून पुन्हा ऑप्टिकलकडे येतात. एआरसीसाठी टीव्ही आणि बार दोन्हींवर सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू लागतं. टीव्हीच्या मेनूत ते त्या नावाने सापडत नाही. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक असं शोधा. वायर फार जुनी असेल तर तीही तपासा. एआरसीचा आवाज एचडीएमआयच्या 14 नंबरच्या पिनवरून परत येतो, आणि काही जुन्या स्वस्त वायरींमध्ये ती पिन जोडलेलीच नसते. अशा वायरीवर चित्र ठणठणीत दिसतं, आवाज मात्र परत येत नाही.

काल चालणारं एआरसी आज अचानक बंद पडलं तर सेटिंग्ज उकरत बसू नका. टीव्ही आणि बार दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग बार चालू करा. रिमोटने बंद केलेलं यंत्र पूर्ण बंद होत नाही, आणि आपसातली अडकलेली बोलणी तशीच अडकून राहतात. स्टिक रीस्टार्ट करायची तर रिमोटवरचं मधलं बटण आणि प्ले-पॉज एकत्र पाच सेकंद दाबून धरा. फॅक्टरी रीसेटने या तक्रारी सहसा सुटत नाहीत, कारण रीसेटनंतर सराउंडचं सेटिंग पुन्हा ‘बेस्ट अव्हेलेबल’वरच येऊन बसतं. तुमच्याकडे बहुधा तेच झालं.

पीसीएम केल्यावर आणखी एक तक्रार हमखास येते: आवाज आला, पण संवाद दबलेले आणि मारामारी, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं. 5.1 मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. सहाचे दोन करताना तो मधला चॅनेल साधारण 3 डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळला जातो, आणि तिथे आधीच संगीताची गर्दी असते. यावर उपाय म्हणून सिनेमा चालू असताना ऑडिओच्या यादीत पाहा. 5.1 न लिहिलेला त्याच भाषेचा ट्रॅक असेल तर तो घ्या. साउंडबारवर व्हॉइस किंवा नाइट मोड असेल तर चालू करा. नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. रात्री शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असेल तर तो तसाही हवाच. प्राइमवर काही मोजक्या गोष्टींना डायलॉग बूस्टचा ट्रॅक असतो, पण सगळीकडे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. टीव्हीत ‘व्हर्च्युअल सराउंड’सारखं काही चालू असेल तर ते बंद करा. संवादाचं सर्वात जास्त नुकसान तेच करतं.

आता ओठ आणि आवाज. आधी ठरवा की आवाज पुढे आहे की मागे. आवाज थोडा मागे पडलेला माणसाला चालतो, कारण लांबचा आवाज उशिरा येण्याची कानाला सवय असते. पुढे गेलेला मात्र लगेच खटकतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 या शिफारशीत हेच आकड्यांत आहे: आवाज साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे पडलेला मात्र 125 च्या आसपास जाणवू लागतो. तुमचा मागे पडतो आहे, म्हणजे कुठेतरी जास्तीचा उशीर भरला जातोय. टीव्हीच्या साउंड मेनूतला ‘ऑडिओ डिले’ आणि बारवरचा ‘लिप सिंक’ दोन्ही शून्यावर आणा. बारवरचे सराउंड, थ्रीडी वगैरे इफेक्ट बंद करा, त्यांच्या आकडेमोडीलाही वेळ लागतो. पीसीएमवर गेल्याने डिकोडिंगचा थोडा वेळ वाचतो, त्यामुळे पहिल्या तक्रारीचा उपाय केल्यावर ही अर्धी आपोआप सुटण्याची शक्यता आहे. उरलेला फरक स्टिकच्या ऑडिओ मेनूतल्या ‘एव्ही सिंक ट्यूनिंग’मध्ये पडद्यावरचं चित्र आणि टोल्याचा आवाज जुळवून काढा. टीव्हीचा गेम मोड इथे चालू करू नका. त्याने चित्र लवकर येतं, म्हणजे मागे पडलेला आवाज आणखी मागे पडल्यासारखा वाटतो. आवाज पुढे जात असेल तेव्हा तो उपयोगी.

एकाच अ‍ॅपमध्ये उशीर होत असेल आणि बाकीच्यांत नसेल तर वरचं काहीही करू नका. त्या अ‍ॅपला फोर्स स्टॉप देऊन कॅशे साफ करा.

साउंडबार ब्लूटूथने जोडलेला असेल तर एवढं लक्षात घ्या की त्यात 100 ते 200 मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. त्यात स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, धातूच्या पत्र्याला चिकटून असते. वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर असेल तर तेही त्याच पट्ट्यात गर्दी करतं आणि आवाज तुटतो. वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर न्या आणि खोक्यात आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर लावून स्टिक बाहेर काढा. तरी माझं मत विचाराल तर सिनेमासाठी वायरच बरी.

प्रत्येक सिनेमाच्या किंवा दृश्याच्या सुरुवातीचा अर्धा शब्द खाल्ला जात असेल तर ऑडिओ मेनूतले नेव्हिगेशन साउंड्स बंद करा. मेनूतली टिकटिक पीसीएममध्ये आणि सिनेमा डॉल्बीत, असं होतं तेव्हा बारला दर वेळी नव्याने पकड घ्यावी लागते. तेवढ्यात पहिला शब्द निसटतो.

स्टिकची वीज हा दुर्लक्षित भाग. तिला 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. टीव्हीच्या जुन्या यूएसबीमधून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो. मग स्टिक मध्येच रीस्टार्ट होते, आवाज अडखळतो, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. नेट मंद असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात किंवा चित्र धूसर होतं. नुसत्या आवाजाची कुरकुर नेटमुळे सहसा होत नाही. ऑप्टिकल वायर नवी असेल तर दोन्ही टोकांची पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी काढली का ते पाहा. ती हमखास राहून जाते. एक टोक टीव्हीत ठेवून दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला तर वायर ठीक आहे. तिला काटकोनात मुडपून भिंतीमागे कोंबू नका.

साउंडबार नसून जुना, सहा आरसीए पिनांचा किंवा नुसत्या ऑक्सचा होम थिएटर असेल तर हिशेब बदलतो. ऑक्सला टीव्हीच्या हेडफोनच्या जॅकमधून आवाज द्या, स्टिक पीसीएमवर. सहा पिनांना खरा 5.1 हवा तर ऑप्टिकल घेणारा 5.1 डिकोडर लागतो, आणि त्याला साधं डॉल्बी डिजिटलच पाठवायचं. ऑक्सवर सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर केबलवाल्याची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर ती अर्थिंगच्या फरकाने येते, स्टिकचा संबंध नाही. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसल्याने त्यातून ही गुणगुण येऊच शकत नाही. जुन्या डब्बा टीव्हीला एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लावणाऱ्यांनीही पीसीएमच ठेवावं; त्या डबीला डॉल्बी उलगडता येत नाही.

स्टिकऐवजी गुगल टीव्ही वापरणाऱ्या कोणाला हे वाचून उपयोग होणार असेल तर: डिस्प्ले अँड साउंड, अ‍ॅडव्हान्स्ड साउंड सेटिंग्ज, आणि फॉरमॅटच्या निवडीत ‘नन’ म्हणजे पीसीएम. ‘मॅन्युअल’मध्ये डॉल्बी डिजिटल ठेवून प्लसची खूण काढता येते.

एवढं करूनही टीव्ही ऑप्टिकलला 5.1 द्यायला तयार नसेल आणि बारला एआरसी नसेल, तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्या. तो स्टिक आणि टीव्हीच्या मध्ये बसतो, चित्र टीव्हीला आणि आवाज थेट ऑप्टिकलने बारला देतो. त्याच्यावर पास, 2 चॅनेल, 5.1 चॅनेल असा स्विच असायला हवा, तो 5.1 वर ठेवा, म्हणजे डबीच स्टिकला ‘मला साधं डॉल्बी दे’ असं सांगते. 4के एचडीआर पाहत असाल तर 18 जीबीपीएस (वेग) आणि एचडीसीपी 2.2 (नक्कल रोखणारं कुलूप) लिहिलेलाच घ्या, नाहीतर आवाज येईल आणि चित्र जाईल.